अकरा घरांचा मिस्त्री

मारोतीमामा कुणाच्याही घरात शिरण्याआधी टकटक करायचे. दारावर नव्हे, भिंतीवर. मधलं बोट दुमडून त्याच्या पेरानं तीनदा ठोकायचे आणि मग कान भिंतीला लावायचे. आतून घरातली बाई ओरडायची, "या की मामा, दार उघडंच हाय!" तरी मामा कान लावून उभेच. त्यांचं समाधान झालं की आत यायचे आणि जिथून एका उडीत अंगण गाठता येईल अशी जागा बघून बसायचे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्यांचं पान मंडपाच्या शेवटच्या टोकाला असायचं.

सारं गाव त्यांची टिंगल करायचं. नाव मारोती अन् काळीज चिमणीचं, असं पारावरची मंडळी त्यांच्या तोंडावर म्हणायची. मामांना राग यायचा नाही. "त्या मारोतीला समुद्र लांघायचा व्हता. मला निस्ता रोड लांघायचा हाय, अन् त्याच्यावर टिप्पर पळून राहिलेत," असं म्हणून ते खरोखरच दोन्ही बाजूंना पाचपाच वेळा बघून रस्ता ओलांडायचे. विंचू, मारका बैल, दवाखान्यातली सुई, आभाळातली वीज, सगळ्यांची त्यांना भीती. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या. भाऊ मेंढरांमागे रानोमाळ हिंडत राहिला आणि यांनी लांडग्याच्या धाकानं मेंढरं सोडून थापी हातात धरली. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं होतं.

मामा जाऊन आता वर्ष होत आलं. गावात भित्र्या माणसाची गोष्ट निघाली की लोक अजून त्यांचंच नाव घेतात. मी काही बोलत नाही. पण आतल्या आत मला फार लाज वाटते, आणि ती का, ते सांगायलाच हे लिहायला बसलो आहे.

आमचं गाव औंढा तालुक्यात, जवळा बाजारच्या अलीकडं. आमच्या भागात जमिनीच्या पोटातून आवाज येतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. रिकामी बैलगाडी लाकडी पुलावरून जावी तसा आवाज पायाखालून येतो, क्षणभर भांडी वाजतात, कुत्री गप्प होतात आणि मग सगळं थांबतं. कधी महिनोन्‌महिने काही नसतं. कधी एका आठवड्यात तीनदा. तालुक्याहून साहेब लोक येतात, पत्र्यावर ठेवलेले दगड उतरवायला सांगतात आणि जाताना म्हणतात, घाबरू नका, पण सावध राहा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

नांदेडला सरकारी कारकुनी संपवून मी गावी परतलो तो आईसाठी. तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेला खिळली. शहरात यायला तयार नव्हती. माझी बायको मुलीच्या बाळंतपणासाठी म्हणून पुण्याला गेली ती नातवात रमली, आणि मी एकसष्टाव्या वर्षी आईला न्हाऊ-माखू घालायला शिकलो. घर वडिलांनी बांधलेलं. दगड आणि चिखलाच्या दोन हात रुंद भिंती, वर माळवद. म्हणजे लाकडी सऱ्या, त्यावर फळ्या आणि त्यावर हातभर जाडीची पांढरी माती. उन्हाळ्यात आत गारवा असतो. पण ती माती किती ब्रास असेल याचा विचार मी आडवं पडून आढ्याकडं बघत करू लागलो, तेव्हापासून त्या गारव्याचा मला धसका बसला.

आई तेव्हा मरणाची वाट बघत होती. ते ती स्वच्छ बोलून दाखवायची. "माझं काय काम उरलं रं दिनकर? निस्ती जागा अडवून राहिले." मी म्हणायचो, असं बोलू नये. याहून शहाणं काही मला सुचायचं नाही.

तो मोठा आवाज सकाळी झाला. उजाडलेलं होतं, मी चुलीपाशी चहा गाळत होतो. आधी पातेल्यावरचं झाकण थरथरलं. मग खालून गुरगुर आली, ती थांबेच ना. सऱ्या करकरल्या, वरून मातीची बारीक धार माझ्या मानेवर पडली. त्यानंतरचं मला आठवतं ते एकदम रस्त्यावरचं. अंगात बनियन, हातात गाळणी, पाय अनवाणी. भोवती अख्खी गल्ली. बायका लेकरं मोजत होत्या. समोरच्या नामदेवनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "काकी कुठंय?"

आई आत होती. मी तिच्या खाटेशेजारून पळत आलो होतो.

मला वाटलं, आता मी आत जाईन. कोणालाही वाटेल, मुलगा आत जाईल. पण माझे पाय उचलेनात. दार दहा पावलांवर होतं. जमीन पुन्हा हलली, लोक ओरडले, आणि मी एक पाऊल मागं सरलो. हो, मागं. ते पाऊल मी आजही विसरलेलो नाही.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाकडून मारोतीमामा आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, डोक्याचं मुंडासं सुटून गळ्यात आलेलं. ते पळत नव्हते, त्यांना पळता येत नव्हतं, पाय एवढे लटपटत होते. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. दारात आले, भिंतीवर टकटक न करताच आत गेले.

मी आत गेलो तेव्हा सगळं शांत झालेलं होतं. मामा आईची खाट आणि भिंत यांच्या मधल्या अरुंद जागेत बसले होते. भिंतीकडं पाठ. त्यांचे दात वाजत होते. आणि आमची आई, जी चार महिन्यांत कुणाशी धड बोलली नव्हती, त्यांचा हात धरून त्यांच्या मनगटावर थोपटत होती. "भिऊ नको रं मारोती. थांबलं बघ. थांबलं."

"वैनी, मला एकट्याला लय भ्याव वाटलं. म्हणून आलो तुमच्याकडं."

"बरं केलंस बाबा."

माझ्याबद्दल दोघं एक शब्द बोलले नाहीत. मी चुलीपाशी जाऊन सांडलेला चहा पुसू लागलो आणि पुसता पुसता रडलो.

दुसऱ्या दिवशी मामा मला ओट्यावर घेऊन बसले. बराच वेळ तंबाखू मळत राहिले, खाल्ली मात्र नाही.

"बापू, ही तुझ्या मायच्या खाटंमागची भिंत म्या बांधली. तवा पंचविशीत व्हतो. भिंतीला दोन बाजू असत्यात, आतली अन् बाहेरची. दोन्ही एकमेकीला धरून राहाव्या म्हणून मधी मधी लांब दगड टाकावा लागते, ह्या अंगापासून त्या अंगापर्यंत. आरपार."

"मग?"

"ह्या भिंतीत आरपार दगड न्हाईत. एक बी न्हाई. लांब दगड खाणीतून निघंना, घडवायला दोन-दोन दिवस लागायचे, अन् तुझ्या बापाला तुझ्या बहिणीच्या लग्नाआधी घर पाहिजे व्हतं. म्या दोन बाजू उभ्या केल्या अन् मधी बारीक खडी-चिखल भरून दिला. वरून गिलावा. कुणाला काय दिसते?" मामांनी मान खाली घातली. "ती एक भिंत न्हाई, बापू. दोन भिंती हायेत. एकमेकीला वळखत बी न्हाईत. जोरात हलली तं एक इकडं यील, एक तिकडं. इकडं तुझी माय हाय."

मला त्या क्षणी मामांचा गळा धरावासा वाटला, हे खोटं कशाला सांगू. पण काल तिच्याजवळून पळालेला मी, कोणत्या तोंडानं बोलणार होतो?

"अशी अकरा घरं हायेत गावात," मामा म्हणाले. "आधी मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. दोस्तांत बसून हसायचो बी, कसं उरकलं म्हणून. जमीन बोलाय लागली तवापासून एक एक भिंत डोळ्यापुढं येऊन राहिली. वरून मारोती भित्रा, मारोती भित्रा. अरे, तुमाला दगड दिसते, मला पोट दिसते भिंतीचं. मंग भ्याव कोणाला वाटन?"

त्यानंतर मामांनी जे केलं त्याला गावानं म्हातारचळ म्हटलं. आलेल्या साहेबांतल्या एका तरुण इंजिनिअरच्या मागं लागून त्यांनी उपाय शिकून घेतला. जुन्या भिंतीला दोन्ही बाजूंनी सावकाश भोक पाडायचं, त्यात आकडा वळवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. झाला आरपार दगड. त्याआधी माळवदावरची माती उतरवायची, म्हणजे डोक्यावरचा भार हलका. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मामांनी छन्नी, हातोडा आणि टोपलं घेतलं आणि ते त्या घरांच्या दारात जाऊन कबुली देऊ लागले.

कबुली देणं सोपं नव्हतं. नामदेवच्या दारात मी स्वतः होतो. नामदेव तसा भला माणूस, पण ऐकता ऐकता त्याचं तोंड लाल झालं. "माझा बाप तुमाला वाडग्यात दूध देत व्हता मिस्त्री, अन् तुमी त्याला ही भिंत दिली?" त्यानं मामांचं टोपलं उचलून रस्त्यावर भिरकावलं. गल्ली जमली. कोणी हसलं, कोणी शिवी दिली. मामांची तर पाचावर धारण बसलेली. टोपलं उचललं आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पुन्हा दारात. नामदेवनं दार लावलं. तिसऱ्या दिवशीही आले, पायरीवर बसून राहिले. मी म्हटलं, "मामा, नको म्हणतोय तर सोडा ना." ते म्हणाले, "मला त्याचं भ्याव वाटते, बापू. लय वाटते. पण त्याच्या आजीला दिसत न्हाई, ती त्या भिंतीखाली निजते. तिचं जास्त वाटते." चौथ्या दिवशी नामदेव स्वतः फावडं घेऊन माळवदावर चढला आणि वरून ओरडला, "धरा टोपलं!"

माझ्या मनात मात्र एक संशय होता. कामाशिवाय मामांचा आणखी एक नेम सुरू झाला होता. रोज दुपारी ते गावातल्या तीन अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडं जाऊन बसायचे. आमची आई, नामदेवची आंधळी आजी आणि तांड्यावरचा एक लकवा झालेला म्हातारा. तांड्यावर त्यांनी एकही भिंत बांधलेली नव्हती, तरी जायचे. जाऊन काय करायचे? उपदेश नाही, पोथी नाही, तब्येतीची चौकशीही नाही. म्हणायचे, "घरात एकट्याला भ्याव वाटून राहिलं. बसू का जरा?" आईला तर त्यांनी कामच लावून दिलं होतं. "वैनी, आवाज झाला तं मला धरा बरं. तुमचा हात घट हाय." आई ते काम इमानेइतबारे करायची. दुपार झाली की केस नीट करून घ्यायची, मामांसाठी शेंगदाण्याचा लाडू उशाखाली ठेवायची. त्यांना उशीर झाला की मला पिडायची, "मारोती आला न्हाई. कुठं घाबरून बसला असन. जा, बघ." जागा अडवून राहिले, हे वाक्य तिच्या तोंडून पुन्हा कधी निघालं नाही.

हे सगळं बघून मला वाटायचं की मामा फार हुशार आहेत. भीतीचं सोंग आणतात. खाटेवरच्या माणसाला कीव नको असते, कोणीतरी आपल्याला मागावं असं वाटतं, हे त्यांनी ओळखलेलं आहे. मी एकदा तसं म्हटलंसुद्धा, "मामा, तुमचं हे नाटक बाकी झकास." मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कुठल्यातरी परक्या भाषेत बोललो होतो. मग म्हणाले, "चल, सळई धर."

आईच्या खाटेमागच्या भिंतीत त्यांनी सात ठिकाणी आरपार टाके घातले. माळवदावरची माती उतरवून वर पत्रे आले. घर उन्हाळ्यात तापू लागलं, पण मी आढ्याकडं बघायचं सोडलं. एक एक करत दहा घरं झाली. दहाव्या घराचं शेवटचं भोक भरून उतरताना मामांचा पाय शिडीवरून घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. हिंगोलीला नेलं, प्लास्टर करून घरी आणलं. पाय ताणून बांधलेला, तीन आठवडे हलवायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. आखाडा बाळापूरला दिलेली मुलगी शांता सेवेला येऊन राहिली.

त्यांना खाटेवर निजवताना मी सवयीनं वर बघितलं. माळवद होतं, हातभर मातीसकट. मी भिंतीकडं बघितलं.

"अकरावं घर कोणाचं, मामा?"

"बसलास त्यातच," ते म्हणाले आणि हसले.

आपलं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. भिंतीला भोकं पाडणं इतक्या घाईनं जमणारं नव्हतं, निदान डोक्यावरची माती तरी सोमवारी उतरवायची असं मी, नामदेव आणि आणखी दोघांनी ठरवलं.

शनिवारी दुपारी आईनं मला पिटाळलं. "शांता दळण घेऊन गिरणीला गेली, मला दिसली खिडकीतून. मारोती एकटा हाय. जा, बस त्याच्यापाशी." मी गेलो. खुर्ची खाटेजवळ ओढली. मामा मला सिमेंटचं प्रमाण समजावून सांगत होते, मधेच थांबले. त्यांना माझ्याआधी कळलं. मग मलाही ऐकू आलं, खालून, खोलवरून. कोनाड्यातला तांब्या पडला. वरून माती गळू लागली.

आणि मी पळालो.

इतकं सगळं बघून, इतकी टोपली वाहून, मी पुन्हा पळालो. अंगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन थांबलो तेव्हा कळलं, मामा आतच राहिले. आवाज थांबला होता. आमच्याकडं एकावर थांबत नाही, पाठोपाठ दुसरा येतो, हे लेकरालाही ठाऊक आहे. मी दाराकडं वळून बघितलं.

आत अंधुक होतं, धूळ तरंगत होती. मामांनी डोळे गच्च मिटले होते. ओठ पांढरे पडले होते, सगळं अंग थरथरत होतं आणि पाय बांधलेला असल्यामुळं ते थरथरणं नुसतं छातीत आणि हातात उतरलं होतं. त्यांचा उजवा हात खाटेबाहेर लांबवलेला होता आणि माझ्या रिकाम्या खुर्चीच्या बैठकीवर काहीतरी चाचपत होता.

ते सोंग नव्हतं. कधीच नव्हतं. हा माणूस दर वेळी एवढीच भीती घेऊन आमच्या घरात शिरला होता.

मी आत गेलो. फार सावकाश गेलो, कारण पाय ऐकत नव्हते. खुर्चीवर बसलो आणि माझा हात त्या हाताखाली सरकवला.

"आलास का बापू?" डोळे न उघडता मामा म्हणाले.

"आलो मामा."

कुठं गेला होतास, असं त्यांनी विचारलं नाही. "बस," म्हणाले. "लय भ्याव वाटून राहिलं."

"मलाही, मामा."

"व्हय, ठाव हाय मला. तुझा हात थंडगार पडला."

दुसरा आवाज आला तेव्हा सरी करकरली आणि आमच्या दोघांच्या डोक्यांवर मूठ-मूठ माती पडली. भिंत उभी राहिली. सोमवारी आम्ही माती उतरवली, भिंतीचं कामही पुढच्या महिन्यात झालं, पण ते बघायला मामा नव्हते. अंथरुणावर छातीत कफ साठला आणि तिसऱ्या आठवड्यात ते गेले. त्या आजारपणात मी रोज जात होतो, तरी मला ते आठवतात ते त्या शनिवारचेच. आणि लोक मला म्हणतात की त्या शनिवारी तुम्ही आत बसून राहिलात म्हणे, केवढी हिंमत. हिंमत कसली? दुसरा आवाज सुरू झाल्याबरोबर मी उठलोच होतो. मामांनी हात सोडला नाही.